दहाव्या सुपारीचे गुरुजी

नवग्रहांच्या पूजेला सुपाऱ्या नऊ लागतात. आमच्या शेजारचे वामन गुरुजी दहावी मांडतात, आणि तीही समईला अगदी खेटून. यजमानाने भुवया वर केल्या की सांगतात, "हा तापलेला गुरू. आपल्या सूर्याचा नाई, दुसऱ्याचा हाय. पन पाहुना म्हनून बसू द्या."

हे खूळ अमरावतीहून आलं. तिथल्या एका कॉलेजात नव्या प्रयोगशाळेची पूजा सांगायला गुरुजी गेले होते. दक्षिणा घेऊन निघायचं सोडून प्राध्यापकांचं भाषण ऐकत बसले. अकोल्याला, जुन्या शहरातल्या आमच्या गल्लीत परतले ते डोक्यात परके गुरू घेऊनच. म्हणे दुसऱ्या ताऱ्यांपाशी गुरूएवढे ग्रह सापडलेत, आणि ते ताऱ्याच्या इतके जवळ फिरतात की त्यांचं वर्ष तीन-चार दिवसांत आटपतं.

"म्हंजे दर चौथ्या दिवशी दिवाळी," गुरुजी कपाळाला हात लावतात. "चकल्या तळाव्या कवा? अन् अधिक मास कुठी घुसवाचा?"

मे महिन्यात गल्लीत कोणी उकाड्याबद्दल कुरकुरलं की त्याची खैर नसते. "याले गरमी म्हन्ते का बापा? तिकडं काही ठिकानी लोखंडाची वाफ होऊन राहिली."

यजमान मात्र वैतागले. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेतल्या एका कारखानदाराने भर पूजेत ती सुपारी उचलून बाजूला ठेवली. गुरुजींनी पुन्हा मांडली. त्याने पुन्हा उचलली. पूजा तिथेच थांबली, आणि मग एकेक घर तुटत गेलं.

मी म्हटलं, "गुरुजी, नवावर भागवा ना. घर कसं चालायचं?"

"नाई भागत. मले हे सुमनच्या गळी उतरवाचं हाय."

सुमनताई त्यांची धाकटी बहीण. घरात दोघंच, आणि स्वयंपाक ताईंकडे. तिच्या जन्मवेळी गुरू सूर्याजवळ, म्हणजे अस्ताला गेलेला. वडील नावाजलेले ज्योतिषी. पोरीची पत्रिका त्यांनी स्वतःच सदोष ठरवली आणि आलेलं प्रत्येक स्थळ दारातून परतलं. आता पन्नाशी उलटल्यावर अमरावतीच्या एका विधुर मास्तरांनी मागणी घातली आहे. ताईंना ते आवडतात, हे आख्ख्या गल्लीला दिसतं. पण ताईंचं एकच, "माहा गुरू जळेल हाय. त्या भल्या मानसाचं कावून वाटोळं करू?"

"नुसतं तोंडानं सांगतो तर तिले वाटते, दादा मन राखाले बोलून राहिला," गुरुजी मला म्हणाले. "चार घरी मांडून शिव्या खाल्ल्या, तर पटन का मी खरंच मानतो."

हट्टी माणूस. मला त्यांचा राग यायचा, तो त्या दिवशी गेला.

गेल्या आठवड्यात मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. भाजी निवडता निवडता ताईंनी विचारलं, "दादा, तुहा तो गुरू पयलेपासून तिथंच होता का?"

"नाई. दूर, थंडीत जन्मला असन म्हन्तात. मंग सरकत सरकत जवळ आला."

"अन् जळला नाई?"

"थोडी हवा उडून जाते. पन टिकून हाय."

ताईंनी हातातली जुडी निवडून संपवली. मग मान वर न करता म्हणाल्या, "मास्तरायले सांग, रविवारी या म्हना. सकाळीच या. दुपारी ऊन असते."

त्या आत गेल्या. गुरुजींनी उपरण्याने डोळे पुसले. जरा वेळाने मी विचारलं, "आता तुमच्या जेवणाचं काय?"

"मले येते सारं," ते म्हणाले, आणि उठून आत गेले. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "सुमन, वरनाले पानी किती लागते वं?"