हत्तीच्या कानातली खार

एका जंगलात, बाळांनो, एक शिवलेला हत्ती राहायचा. हसू नका. शिंपी पक्ष्याने पानं आणि कोळ्याचं सूत वापरून तो शिवला होता. उन्हाळ्यात लांबच्या डोहातून सोंडभर पाणी आणायचं आणि दारोदार वाटायचं, एवढंच त्याचं काम.

अडचण एकच होती. हत्तीला नवीन काही सांगायचं, तर अख्खा हत्ती उसवून परत शिवावा लागे. डुकरीण म्हणाली, "माझ्या दारात चिखल नको." उसवा हत्ती. साळिंदर म्हणालं, "मला चिखल हवा." उसवा पुन्हा. तोवर जंगल तहानलेलं.

शिंपी वैतागला. त्याने हत्तीच्या कानात एक खार बसवली. हत्तीला सांगायला खारीकडे मोजकेच हुकूम: जा, थांब, वळ, पुन्हा कर. कुणीही खारीला सांगावं, खारीने हत्तीला. उसवणं बंद! खार वजनाला हलकी, खायला दोन शेंगदाणे.

(शेजारचा वरद मोठ्या सॉफ्टवेअरच्या पोटात अशीच एक हलकी भाषा बसवतो. मी काही कान लावून ऐकत नाही हो, आमची भिंतच पातळ आहे.)

मग काय! माकड म्हणालं, "आंब्याखाली गिरकी घे." मोर म्हणाला, "मला पाठ दाखवू नको, उलटा चाल." हत्ती गिरक्या घेत उलटा चालू लागला.

कारभारी कोल्होबा तर रुसलेच होते. "हा मला साधा रामराम घालत नाही! खारूताई, लाव नियम. प्रत्येक दारात रामराम. उत्तर आल्याशिवाय पाणी नाही."

दुसऱ्याच दिवशी हत्ती सावळी नावाच्या हरिणीच्या दारात आला. तिचं पाडस तापाने फणफणलं होतं. जीभ कोरडी, डोळे मिटलेले.

"रामराम," हत्ती म्हणाला.

पाडसाच्या तोंडून शब्द फुटेना.

"रामराम, रामराम!" सावळी ओरडली. "घ्या, झालं! ओता पाणी, गजाभाऊ!"

"वहिनी, मला कळतंय हो. पण रामराम त्याला घातलाय, उत्तर त्यानेच द्यायला हवं. रामराम."

"अगं खारे, तू तरी सांग!"

"मी काय करू?" खार म्हणाली. "एक सांगणं पुरं झाल्याशिवाय मी दुसरं ऐकत नाही. रामराम."

"लेकरू चाललं माझं!"

"रामराम," हत्ती म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. सोंडेतून नाही.

पाडसाचे ओठ हलतायत का, ते बघायला खार कानातून वाकली. घसरली. तिची शेपटी हत्तीच्या सोंडेत गेली.

"आं... आं... आक्छी!"

सगळं पाणी पाडसावर! त्याने नाक चाटलं, पाय चाटले, आईची मान चाटली. डोळे उघडले. म्हणालं, "रामराम."

"रामराम, बाळा!" हत्ती आनंदला. "थांब हं, आता देतो पाणी." आणि रिकामी सोंड पुढे केली.

संध्याकाळी सभा भरली. सावळी म्हणाली, "तो नियम काढा."

कोल्होबा म्हणाले, "कसं बोलतेस? नियम नसता तर हत्ती थांबला नसता. थांबला नसता तर शिंकला नसता. तुझं पोर नियमाने वाचलं!"

टाळ्या पडल्या. खारीला शाल आणि नारळ दिला. नारळ हत्तीनेच उचलला. आता एवढ्या मानाच्या खारीला सारखं कुणी सांगायचं? म्हणून शिंप्याने खारीच्या कानात एक मुंगी बसवली.

तात्पर्य: मोठ्याला अक्कल शिकवत बसू नये, त्याच्या कानात एक आज्ञाधारक बसवावा. तरीही काम अडलं, तर शिंक येईपर्यंत धीर धरावा.