चौदाव्या मजल्यावर गेलेला हिंमतराव

गेममधल्या माणसाला नाव द्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. माझ्यावर आलेली सगळी संकटं अशाच फुकटच्या निर्णयांतून आलेली आहेत (लग्न सोडून, त्याला खर्च आला होता).

आधी गेमचं सांगतो, म्हणजे तुम्हालाही माझ्यासारखी चीड येईल. मी मोताळ्याला एका ऑफिसात कारकून आहे. (कोणत्या ते लिहीत नाही, आमचे साहेब वाचतात.) बाजूच्या टेबलावरच्या दीपकनं जेवणाच्या सुट्टीत माझ्या मोबाइलमध्ये हा गेम टाकून दिला. एक भुयार आहे. त्याला खाली खाली सव्वीस मजले. आपला एक माणूस बोथट तलवार आणि थैलीत एक भाकर घेऊन पहिल्या मजल्यावर उतरतो. शेवटच्या मजल्यावर सोन्याचा हंडा आहे, तो घेऊन वर यायचं. आता यात अवघड काय? अवघड एवढंच, की माणूस मेला की मेला. बाकीच्या गेममध्ये मेलेला माणूस कपडे झटकून तिथंच उभा राहतो. इथं थेट थडगं दिसतं, त्यावर मरणाचं कारण लिहून येतं आणि आपण पुन्हा पहिल्या मजल्यावर. पुन्हा ती बोथट तलवार, पुन्हा ती एक भाकर. भुयारही नवंच असतं. कालचा रस्ता आज सापडत नाही.

बरं, मरण तरी रीतसर यावं की नाही? तेही नाही. भुयारात बाटल्या सापडतात, पण त्यांवर नाव नसतं. प्यायल्यावरच कळतं. एका माणसाला लाल बाटलीनं ठणठणीत केलं म्हणून मी दुसऱ्यालाही विश्वासानं लाल बाटली पाजली, तर तो जागच्या जागी पेटला, कारण दर खेपेला रंग बदलतात. मोताळ्यात एखाद्या दुकानदारानं असं केलं असतं तर लोकांनी त्याचं शटर खाली ओढलं असतं. एक माणूस जिना उतरला आणि शेवटच्या पायरीवर तिघं त्याची वाट पाहत उभे होते. एकानं नुसतं दार उघडलं. त्याच्या थडग्यावर 'दार' एवढंच लिहिलेलं होतं. आणि भाकर थैलीत असली तरी हे लोक आपणहून खात नाहीत. आपल्याला बोटानं सांगावं लागतं, तेव्हा खातात.

तर असे कितीतरी बिननावाचे लोक गमावल्यावर मी ठरवलं, की आता नाव द्यायचं. नाव दिलेल्या माणसाला कोणी वाटेल ती बाटली पाजत नाही. मी त्याचं नाव हिंमतराव ठेवलं. आणि खरंच, हिंमतराव वेगळाच निघाला. कधी सातव्याच्या खाली न गेलेला मी, हिंमतरावाच्या जिवावर चौदाव्या मजल्यापर्यंत पोचलो. त्याला मी फार जपत होतो. भाजी आणायला गेलो तरी बाजारात थांबून पाहायचो, की त्याला भूक लागली का. माझी बायको वंदना एकदा म्हणाली, "मले कधी इचारलं का, भूक लागली का म्हणून?" मी म्हटलं, अगं, त्याला सांगितल्याशिवाय खाता येत नाही. यावर ती माझ्या हातातली भाजीची पिशवी ओढून आत गेली. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता सासऱ्यांचं सांगतो. भगवंतराव धामणगाव बढ्याला असतात. घरचे सगळे त्यांना बापू म्हणतात. त्यांचं माझ्याबद्दल पहिल्या दिवसापासून एकच मत आहे, की जावई दगड आहे. झालं असं, की आमच्या लग्नात पाठवणीच्या वेळी सगळा मांडव रडत होता आणि नेमका त्याच वेळी मी मठ्ठा मागितला. (उन्हाळा होता. तुम्हीही मागितला असता.) तेव्हापासून बापू माझ्याशी पावसापाण्यापलीकडं बोलत नाहीत आणि वंदनाला त्याचं फार लागतं. बापाला आपला नवरा बरा वाटावा, एवढीच तिची इच्छा. ती पुरी करायला मी कधी काही केलं नाही, हेही खरं.

त्या रविवारी दुपारी हिंमतराव चौदाव्या मजल्यावर एका भल्यामोठ्या खेकड्यासमोर उभा होता. जीव थोडाच उरला होता, पण थैलीत ओळखीची, खात्रीची, बरं करणारी बाटली होती. मी बाटलीकडं बोट नेलं. तेवढ्यात मोबाइलवर साळ्याचा, म्हणजे दयारामचा फोन आला. त्याचं नाव पडद्यावर आलं, ते मी घाईनं बाजूला सारायला गेलो, आणि सारता सारता बोट खेकड्यावर पडलं. हिंमतराव आज्ञाधारक होता. तो बाटली न पिता सरळ खेकड्याच्या नांगीत चालत गेला.

थडगं आलं. त्यावर 'खेकडा' लिहिलं होतं.

फोन पुन्हा वाजला. दयाराम दबक्या आवाजात म्हणाला, "जवाई, बापू गेले." मला काही ऐकू गेलं नाही. माझा बांध फुटलेला होता. मी फोनवर हंबरडा फोडला. एवढा जपला, एवढं खाऊपिऊ घातलं, चौदाव्या मजल्यावरून गेला रे, काहीच चूक नव्हती त्याची, असं बरंच काही मी बोललो म्हणतात. पलीकडं दयाराम घाबरला. त्याला रडणं हवं होतं, पण इतकं नको होतं.

आमच्याकडं समजूत अशी, की डोक्याला कावळा शिवला की माणसाचं मरण जवळ आलं. त्यावर उतारा म्हणजे तो माणूस गेल्याची खोटी खबर नातेवाइकांना द्यायची. ते खरं समजून रडले की आलेलं मरण परत जातं, कारण त्याचं काम झालेलं असतं (आमच्या ऑफिससारखंच, कागदावर झालं की झालं). त्या सकाळी बापू अंगणात खाटेवर बसले असताना कावळा त्यांच्या डोक्याला शिवून गेला होता. टोपीला शिवला, असं दयारामचं म्हणणं. टोपी कोणाच्या डोक्यावर होती, असं सासूबाईंचं, म्हणजे सत्यभामाबाईंचं म्हणणं. मग दयारामनं सगळीकडं फोन लावले. पण हल्ली कोणी फसत नाही. मेहकरच्या अन्नपूर्णा आत्यानं तर 'बापू गेले' ऐकताच विचारलं, कावळा शिवला काय. दहा ठिकाणी फोन करून एक थेंब निघाला नाही. आणि शेवटी दगडाला फोन लावला, तर दगड फुटला.

वंदना आतून धावत आली, तिनं फोन घेतला, दयारामकडून खरी गोष्ट ऐकली आणि सुटकेचा श्वास टाकला. मग तिची नजर पडद्यावरच्या थडग्याकडं गेली. तिला सगळं कळलं. ती म्हणाली, "बापू रडले म्हणे, तुम्ही रडले हे आयकून. आता धामणगावले गेल्यावर तोंड उघडू नोका. जेव्यापुरतं उघडा."

पुढच्या रविवारी आम्ही धामणगावला गेलो. जन्मात झालं नाही असं स्वागत झालं. रोडगे, वांग्याची भाजी, आणि तुपाची वाटी माझ्याच ताटाशी. बापूंनी मला आपल्याजवळ खाटेवर बसवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, की आमचे जवाई वरून कडक आहेत, पण आतून लोणी. वंदना दारात उभी राहून हे ऐकत होती. तिचा चेहरा मी इतका खुललेला पाहिला नव्हता. मलाही वाटायला लागलं, की कदाचित मी बापूंसाठीच रडलो असेन.

घात दयारामनं केला. तो जेवता जेवता म्हणाला, "पण जवाई, तुम्ही फोनवर म्हणून राह्यले होते, चौदाव्या मजल्यावरून गेला. बापू चौदाव्या मजल्यावर काऊन जातीन?"

सासूबाई म्हणाल्या की आपल्या घराला वर फक्त माळा आहे, आणि तिथंही बापू गुडघ्यांमुळं चढत नाहीत. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी वंदनाकडं बघितलं. वंदनानं वरच्या पत्र्याकडं बघितलं. मला खोटं सुचत नाही. (ऑफिसात सुचतं. तिथं ते लेखी असतं.) मी हिंमतरावाचं सगळं सांगितलं, खेकड्यासकट.

मला वाटलं बापू चिडतील. ते चिडले नाहीत. त्यांनी ताट हळूच बाजूला सारलं आणि म्हणाले, "म्हणजे माह्यासाठी कोणीच नाही रडलं."

मला फार वाईट वाटलं. म्हातारा माणूस आठवडाभर निर्धास्त झोपला होता, तो माझ्यामुळं. आता ती भीती परत त्यांच्या तोंडावर आलेली दिसत होती, तीही माझ्यामुळंच. वंदना तिथंच बसून रडायला लागली, पण खरं माहीत असलेल्याचं रडणं उताऱ्याला चालत नाही म्हणून सासूबाईंनी तिला गप्प केलं.

बापूंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "जवाई, तो गेम काढा. हिंमतरावाच्या जागी माह्यं नाव टाका. मले चौदाव्या मजल्यावर न्या अन् मारा. मंग तुमाले आपोआप रडू येईन."

यात चूक काढायला मला काही सापडेना. मी नाव टाकलं, भगवंतराव. एक बोथट तलवार, एक भाकर. बापू माझ्या खांद्याला खांदा लावून बसले, दयाराम मागं उभा राहिला, सासूबाई थोड्या लांब, पण दिसेल अशा. चौदाव्यापर्यंत जपून न्यायचं आणि मग मारायचं, असं ठरलं.

आणि मग जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. पहिल्याच मजल्यावर भगवंतरावांना चिलखत सापडलं. मला जन्मात सापडलं नव्हतं. बाटली उघडावी तर औषध, दुसरी उघडावी तर ताकद. जिन्याखाली कोणी नाही. भाकरी तर इतक्या सापडल्या, की सासूबाई म्हणाल्या, कोणाचं तरी लग्न असेल तिथं. पाचव्या मजल्यावर बापू विचारत होते, आता माह्यं कसं हाये. दहाव्यावर ते सांगायला लागले, की डावीकडून न्या, उजवीकडं अंधार आहे.

चौदावा मजला आला. तोच खेकडा. सासूबाई उठून आत गेल्या, त्यांना बघवेना. मी डोळे मिटून भगवंतरावांना खेकड्यासमोर उभं केलं. खेकड्याचा वार चुकला. दुसराही चुकला. भगवंतरावांनी एका फटक्यात खेकडा आडवा केला. मी अनोळखी बाटली पाजली, तिनं त्यांचं आयुष्य वाढवलं. मी त्यांना मुद्दाम सापळ्यावर उभं केलं, तर सापळा गंजलेला. ज्या गेमनं माझे तरणेताठे लोक नुसत्या दारानं मारले, त्याला एक सत्तरीचे सासरे मारता येईनात. मी रडकुंडीला आलो, पण ते रडणं चालणारं नव्हतं.

बापू मात्र हसायला लागले होते. मी म्हटलं, बापू, पुन्हा एकदा प्रयत्न करतो, तिकडं एक विहीर दिसते. त्यांनी माझं मनगट धरलं. "नोका मारू आता," ते म्हणाले. "खाली चाला. पाहू तरी काय हाये."

आम्ही खाली गेलो. चहा झाला, दुसरा चहा झाला, मोबाइल चार्जरला लावून खेळलो. सव्विसाव्या मजल्यावर हंडा सापडला आणि तो घेऊन भगवंतराव सगळे मजले चढून उजेडात आले. पडद्यावर फुलं पडली आणि अक्षरं आली, 'भगवंतराव सुखरूप परतले'. ही अक्षरं बघण्यासाठी मी किती लोक पुरले होते. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, आता तर कोणी मेलं नाही, मग हे काऊन रडून राह्यले?

"रडू दे त्यायले," बापू म्हणाले. "माह्यासाठीच रडून राह्यले." आणि त्यांनी बाजूला सारलेलं ताट पुन्हा पुढं ओढलं. (खरं तर मी रडत होतो ते यासाठी, की हंडा सापडला तोही सासऱ्यांच्या नावावर.)

तेव्हापासून बापू कावळ्याला घाबरत नाहीत. आपण मरत नाही, अशी त्यांची खात्री झाली आहे. त्यांनी दयारामच्या मोबाइलमध्ये गेम टाकून घेतला आणि दुपारभर तोच खेळतात. काल आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात दयारामचा फोन आला. वंदनानं उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, उत्तमराव गेले."

उत्तमराव म्हणजे मी. बापूंनी गेममधल्या माणसाला कौतुकानं जावयाचं नाव दिलं होतं. वंदनानं विचारलं, कशानं गेले? दयाराम म्हणाला, उपाशी. थैलीत भाकर होती, पण बापूंचा डोळा लागला आणि कोणी काढून दिली नाही.

"घरीही तसंच हाये," वंदना म्हणाली, आणि माझं ताट वाढायला आत गेली.

मला राहवलं नाही. मी फोनजवळ तोंड नेऊन विचारलं, की कोणी रडलं का.

"आईनं इचारलं होतं बापूले, रडू का म्हणून," दयाराम म्हणाला. "बापू म्हणाले, राहू दे, पह्यल्याच मजल्यावर त गेले."