करीमभाईंच्या घराला न लागलेली आग

रिसोडात करीमभाईंकडे फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकला, तर तो परत मिळण्याआधी अमेरिकेतल्या ज्यू पोरांच्या एका घराचा इतिहास पाठ म्हणून दाखवावा लागतो. चुकलात की पंप राहतो दुकानात आणि सोयाबीनवरची अळी राहते मजेत.

तरुणपणी करीमभाई तिकडच्या विद्यापीठात शेतीची यंत्रं शिकायला गेले आणि राहिले एका ज्यू फ्रॅटर्निटीत. फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या पोरांची भाऊबंदकी, फक्त शेताच्या धुऱ्याचं भांडण नसलेली.

"बाकीच्या घरायनं ज्यू पोरायले दारात उभं राहू देलं नाही," करीमभाई सांगतात, "मंग त्यायनं सोताचं घर केलं. आधी एका शिंप्याच्या माडीवर. पुढं मले कोनी खोली देईना, तं त्यायनंच ठेवून घेतलं. डुक्कर त्यायच्याबी चुलीवर चढत नाही. आमची अम्मी बेफिकीर!"

नव्या पोरानं घराचा इतिहास पाठ म्हणायचा, ही तिथली रीत. करीमभाईंनी ती रिसोडात चालू केली. मेडशीचे शेतकरी येताना एसटीत घोकत येतात.

मी गजानन, शेजारचा कापडवाला. कायम नापास. पाठांतर पक्कं आहे हो, पण आहे तेवढंच सांगणं मला जमत नाही. साधा टॉवेल विकतानाही मी त्याचं खानदान सांगतो. तसं मी त्या घराला आग लावून दिली. तिथं प्रत्येक नव्या पोराला एक मोठा भाऊ नेमून देतात. करीमभाईंचा मोठा भाऊ डेव्हिड. त्याला मी सूपचं पातेलं घेऊन खिडकीतून उडी मारायला लावली.

"आग कायले लावून राह्यले, गजूभाऊ? लागलीच नाही! नापास!"

डेव्हिड दर शुक्रवारी व्हिडिओ कॉल करायचा. करीमभाईंनी त्याच्याकडे माझी तक्रार केली, तर म्हातारा खुर्चीतून घसरेपर्यंत हसला. तेव्हापासून दर शुक्रवारी त्याला आग हवी. मी मराठीत सांगायचो, करीमभाई तोंड वाकडं करून इंग्रजीत. मला वाटायचं, आपण आंतरराष्ट्रीय कलावंत झालो.

गेल्या शुक्रवारी फोन आला तो डेव्हिडच्या मुलीचा. डेव्हिड गेला. करीमभाई उघडलेला पंप मांडीवर घेऊन तसेच बसले.

"घर तं कवाच विकलं, गजूभाऊ. आठोन ठेवनारे आमी दोघंच उरलो होतो. म्हनून साऱ्यायले पाठ करायले लावतो. तिथं नाही, तं इथं लोकायच्या तोंडात राहो."

मला रडू आलं. मग इतिहासच म्हणायला लागलो. बंद दारं, शिंप्याची माडी, रिसोडचा पोरगा. आयुष्यात पहिल्यांदा पदरचं काही न घालता शेवटापर्यंत आलो.

करीमभाई हातातला पाना खाली ठेवत म्हणाले, "आग राह्यली."

मी आग लावली. डेव्हिडनं पातेल्यासकट उडी मारली. सूपचा थेंब सांडू दिला नाही मी.

फोन बंद होऊन काउंटरवर पडला होता. करीमभाईंनी सगळं सवयीनं इंग्रजीत सांगितलं.