आधी तोंड बघा

मुलगी दाखवण्याआधी किसनरावांनी माझे दात पाहिले.

पिंगळीच्या त्यांच्या घरी ओसरीवर आम्ही बसलो होतो. माझे वडील, काका आणि मी. पोहे यायचे होते. तेवढ्यात गोठ्यातून एक उंच, वाळका माणूस आला, धोतराला हात पुसत थेट माझ्यासमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, "आ करा पाव्हणं."

मला वाटलं, या घराची काही रीत असेल. मी आ केला. त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे वळवली, मान तिरकी करून आत पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या बाजूनं कमी चावता तुमी."

खरं होतं ते. उजवीकडची एक दाढ किडली होती आणि मी घरी कोणाला बोललो नव्हतो. पण माझे वडील लालबुंद झाले. "आम्ही काय बाजारात बैल घेऊन आलोत का?"

"बैलाचं वय बघायला दात बघत्यात," किसनराव शांतपणे म्हणाले. "मी वय न्हाई बघितलं. दुखायलंय का ते बघितलं."

काकांनी वडिलांना हाताला धरून बसवलं. मग सिंधू पोह्यांचं ताट घेऊन आली. मी तोंड घट्ट मिटून बसलो होतो, त्यामुळे मुलगा गंभीर स्वभावाचा आहे असा तिचा समज झाला. लग्न ठरलं. किसनराव माझे मामा झाले, कारण आमच्याकडे सासऱ्याला मामाच म्हणतात.

मी सेलूच्या शाळेत मास्तर आहे. स्वभावाने असा, की वर्गात खडू सापडला नाही तरी आपलंच काहीतरी चुकलं असं वाटतं. अशा माणसाला मामांसारखा सासरा मिळणं म्हणजे रोज परीक्षा, आणि विषय कोणता ते शेवटपर्यंत कळायचं नाही.

मामांकडे मैना नावाची एक पांढुरकी घोडी होती. तिच्यावर कोणी बसत नसे. ती गाडी ओढत नसे, वरातीला जात नसे. पण दसरा झाला की एकदा आणि गुढीपाडवा झाला की एकदा, मामा तिला चालवत परभणीच्या गुरांच्या दवाखान्यात नेत. कशाला? तर दात घासून आणायला.

"मामा, इतक्या लांब पायी कशाला? बसून जायचं ना तिच्यावर," मी एकदा म्हणालो.

"दवाखान्याला जाताना पेशंटवर बसून जातंय का कुणी?"

"बरं, येताना?"

"येताना तिचं तोंड दुखत असतंय."

"मग एरवी?"

"एरवी मला कुठं जायचं असतंय?"

वाटेत लोक विचारत, "किसनराव, घोडी आजारी हाय का?" मामा म्हणत, "न्हाई." "मग दवाखान्यात कामून?" "आजारी पडू नये म्हून." विचारणारा पुढे जाऊन एकदा मागे वळून पाहत असे. मीही पुष्कळदा तसाच मागे वळून पाहिलेला माणूस आहे.

कोणी जास्त खोदून विचारलं तर मामा त्याला बांधावर बसवून शिकवत. घोड्याचे दात जन्मभर वर येत राहतात. चारा चावून ते झिजतात, पण सारखे झिजत नाहीत. वरचा जबडा रुंद, खालचा अरुंद. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्या दाढांची आतली कड घासलीच जात नाही, तिला विळ्यासारखी धार येते. वरची धार गाल कापते, खालची जीभ. "आपली दाढ ठणकली तर आपुन गाव डोक्यावर घेतो. ती काय करील? मुक्या तोंडाचं हाय. तिनं सांगायची वाट बघितली की झालं."

गावचा लोहार एकदा म्हणाला, "आबा, कानस माझ्याकडं बी हाय. परभणीला जायची काय गरज?" मामांनी त्याला गोठ्याच्या दारातूनच परतवून लावलं. "तुझ्या बायकोचं डोकं दुखल्यावर घणानं बघतोस का?" ते काम डॉक्टरचं, असा त्यांचा हट्ट होता.

"आधी तोंड बघा" हे त्यांचं सगळ्या रोगांवरचं औषध. मोटार पाणी ओढेना, "आधी तोंड बघा," आणि खरोखर विहिरीतल्या पाइपाच्या तोंडाशी पाला अडकलेला निघे. माझ्या वर्गातली मुलं नापास झाली, तेव्हाही तेच. मी म्हणालो, "मामा, गणिताचा तोंडाशी काय संबंध?" ते म्हणाले, "तुमी फळ्याकडं तोंड करून शिकवता. पोरांच्या तोंडाकडं कधी बघता?" हे मला इतकं लागलं, की मी पुढे बरेच दिवस फळ्यावर वाकडं लिहीत होतो.

इथवर ठीक होतं. पण दोन गोष्टी मला अजिबात उलगडत नव्हत्या.

एक म्हणजे भाकरी. आमच्याकडे उरलेली भाकरी जनावराला घालणं हे पुण्याचं काम. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी जावईपणाच्या उत्साहात अर्धी भाकरी मैनापुढे धरली. मामा अंगणातून धावत आले आणि माझ्या हातातून ती हिसकावून घेतली. "भाकरी न्हाई द्यायची तिला! कधीच न्हाई!" मी तीनदा माफी मागितली. कशाबद्दल ते मला कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट जेवणाची. गावभर पुरुष आधी जेवत आणि बायका मागून, चुलीपाशी. या घरात उलटं होतं. माझा मेहुणा विलास, त्याची बायको कांता आणि मामा अशी तीन माणसं घरात. कांताने आधी जेवायचं, तेही चुलीपाशी नाही, ओसरीवर, उजेडात. आणि मामा समोर खांबापाशी बघत बसणार. सासरा बघतोय आणि सून जेवतेय! आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत. विलास चिडे. सिंधूला विचारलं तर ती म्हणे, "आई गेल्यापासून आबा असंच करतात," आणि उठून जाई. सिंधूची आई आमच्या लग्नाच्या आधीच वारली होती.

एका वर्षी पाडव्याला मामा तापाने पडले आणि मैनाची परभणीची खेप हुकली. "एक खेप हुकली म्हून काय घोडी मरायलीय का?" विलास म्हणाला. पावसाळा सरता सरता घोडी खंगली. कडबा तोंडात घ्यायची, मान वाकडी करून चावायची आणि अर्धवट चावलेला बोळा गव्हाणीत टाकून द्यायची.

विलासचा मला निरोप आला. मी पिंगळीला उतरलो तर तो स्टेशनवरच उभा होता. "भावजी, घोडी म्हातारी झाली. यात्रेतल्या बाजारात विकून टाकू म्हणतोय. अशीच मेली तर आबाला लय लागंल. माझं न्हाई ऐकत. तुमी शिकलेलं माणूस, तुमचं ऐकतील. समजावा जरा."

मी समजावायला गेलो. मामा गव्हाणीपाशी बसले होते. त्यांच्या तळहातावर तो ओला, हिरवट बोळा होता आणि ते त्याच्याकडे वाईट बातमीच्या तारेकडे पाहावं तसे पाहत होते.

"मामा," मी सुरुवात केली.

"उद्या पहाटं निघायचं," ते म्हणाले. "तुमी येता का?"

"येतो," मी म्हणालो. असा मी समजावणारा.

दुसऱ्या दिवशी परभणी बंद होती. विद्यापीठाच्या नामांतराच्या प्रश्नावरून हवा तापलेली होती, एसटी बंद, दुकानं बंद. शहराच्या तोंडाशी पोलिसांनी आम्हाला अडवलं. मोकळ्या रस्त्यावर दोन माणसं आणि एक घोडी, एवढंच चालत येत होतं.

"कुठं निघालात?"

"घोडीचे दात घासायला," मामा म्हणाले.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. मी मास्तर असल्याचं सांगितलं, त्यामुळे त्याचा संशय वाढला. त्याने फौजदारांना बोलावलं.

"नीट सांगा. कोणत्या बाजूचे तुम्ही?"

"डाव्या बाजूच्या मागच्या दाढा हायत साहेब. तुमीच बघा." आणि मामांनी मैनाचा ओठ वर केला.

फौजदार वाकले. बहुधा दिवसभरात त्यांच्यासमोर उघडलेलं, घोषणा न देणारं ते पहिलंच तोंड असावं. बराच वेळ ते पाहत राहिले. मग सरळ होऊन हवालदाराला म्हणाले, "जाऊ द्या त्यांना." आम्ही थोडं पुढे गेलो तर मागून त्यांनी हाक मारली, "ओ आजोबा! दुखतं का हो तिला?"

"तेच बघायला चाललाव," मामा म्हणाले.

दवाखाना बंद होता, पण डॉक्टर मागच्या क्वार्टरमध्ये राहत. ते बनियनवर बाहेर आले आणि म्हणाले, "किसनराव, आज? आणि पाडव्याला कुठं होतात?" मामांनी मान खाली घातली. डॉक्टरांनी घोडीला गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंड उघडं ठेवायची लोखंडी चौकट बसवली आणि आत हात घातला. मग मला बोलावलं. "मास्तर, बोट लावून बघा." मी भीत भीत लावलं. दाढेची कड सुरीसारखी लागली. गालाला आतून जखम झाली होती, जुनी आणि नवी.

"ही म्हातारी नाही, उपाशी आहे," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणली असती तर इथवर आलंच नसतं." लांब दांड्याच्या कानशीने त्यांनी कडा घासायला सुरुवात केली. खर्र खर्र आवाज होत होता. मामा मैनाचं डोकं खांद्यावर तोलून उभे होते. त्यांनी स्वतःही आ केलेला होता, हे मला वाटतं त्यांना माहीत नव्हतं.

काम झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "जखम भरेपर्यंत मऊ द्या. कोंडा भिजवून. दुधात भाकरी कुस्करून दिली तरी चालेल."

"भाकरी न्हाई," मामा म्हणाले.

"अहो, मऊ करून..."

"भाकरी न्हाई डॉक्टर. दुसरं काय बी सांगा."

परतताना आम्ही एका कडुलिंबाखाली बसलो. मैनाची गुंगी उतरली होती, ती जीभ फिरवून आपलंच तोंड तपासत होती. मी धीर करून विचारलं, "मामा, भाकरीचं काय आहे?"

ते बोलले ते घोडीकडे पाहत.

"सिंधूची आय मिसरी लावायची. तोंडात काहीतरी झालं होतं तिला. म्हणायची, दाढ दुखायलीय जराशी. मी म्हणायचो, लवंग धर. आमी जेवून उठायचो, ती मागून जेवायची चुलीपाशी. काय खाती, किती खाती, कुणी बघितलं?" त्यांनी एक काडी उचलून मोडली. "तिला भाकर चावतच नव्हती, पाव्हणं. पण भाकरी तर थापलेल्या. उरल्या तर घरात विचारतील, म्हून ती रोज आपल्या वाट्याची हिला आणून घालायची. मी बघायचो की. म्हणायचो, लय जीव लावती घोडीला. घोडी अशी भरली होती! गावात सांगत फिरायचो."

मैनाने फुरफुर केलं.

"औरंगाबादच्या डॉक्टरनं तोंड उघडून बघितलं तवा म्हणला, आधी कामून न्हाई आणलं. बाई तर बोलती हुती हो. पण न्हाई बोलली." ते उठले आणि त्यांनी दोर हातात घेतला. "तिच्या तोंडातला घास हिच्या पोटात हाय. इकू कशी?"

पिंगळीपर्यंत मी घोडीच्या दुसऱ्या बाजूने चालत राहिलो.

विलास वेशीतच उभा होता. त्याने मला बाजूला घेतलं. "काय म्हणले आबा? समजावलं का?"

"पाडव्याची खेप आता तू कर," मी म्हणालो. तो माझ्याकडे बघतच राहिला. अधिक सांगणं माझ्याच्याने झालं नाही. ते सांगायचं कोणी, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. सिंधूलासुद्धा मी अजून काही बोललेलो नाही.

संध्याकाळी गोठ्यातून कोंडा खाल्ल्याचा आवाज येऊ लागला. मामा थोडा वेळ तो ऐकत उभे राहिले आणि मग रोजच्यासारखे येऊन ओसरीच्या खांबापाशी ताठ बसले. कांता ताट घेऊन उजेडात बसली. मी दुसरीकडे नजर वळवली, तर ती हलक्या आवाजात म्हणाली, "बसा की भावजी. मला सवय झालीय."

"अवघड नाही वाटत?"

"आधी लय वाटायचं." तिने मामांकडे एक नजर टाकली. "माझं पोट दोन भाकरीतच भरतंय. पण तिसरी घेतली की मग आबा पाठ टेकून बसत्यात."

टोपल्यातून तिने तिसरी भाकरी घेतली, मामांना दिसेल अशी मोडली आणि सावकाश, दोन्ही बाजूंनी चावून खाऊ लागली.