चौथा वाडगा

हे कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं, तरी सांगते: ‘खारीच्या बेटाचा नकाशा’ या पुस्तकातली नावाडीण तांबडाई मंगळवारपासून शर्वाणीच्या स्वयंपाकघरात, घमेल्यात उभी होती. येण्याजाण्याला अडचण नको म्हणून आईने घमेलं ओट्याकडेला सरकवलं होतं.

चाहत्यांच्या ऑनलाइन माहितीकोशात तांबडाईच्या नावापुढे कुणीतरी ‘बुडून मृत’ लिहिलं होतं. एक्केचाळीस जणांनी ‘बरोबर’ म्हटलं. रविवारी पाच वाजता नोंद बंद होणार होती; मग ती फक्त प्रमुख तपासनीसच उघडू शकणार होते. मंगळवारी पाणी तिच्या घोट्यापर्यंत होतं, शनिवारी कमरेपर्यंत. घमेल्याबाहेर मात्र थेंब सांडत नव्हता.

“तूच कायतरी कर गो,” तांबडाई म्हणाली. “माझं घेत नाहीत ते. स्वतःबद्दल स्वतः सांगितलेलं चालत नाही म्हणे.”

शर्वाणी वर्गात हजेरीसुद्धा पुटपुटत द्यायची. रविवारी दुपारी तिने माहितीकोशाचे प्रमुख तपासनीस सुर्वेसर यांना फोन लावला.

“सर, पान एकशेबारावर होडी उलटली, एवढंच आहे. बाई बुडाली असं नाही.”

“मग पुढे ती दिसते कुठे? पान सांग.”

“आमच्या घमेल्यात उभी आहे.”

“बाळ, घमेल्याला पान नसतं.”

पाणी गळ्याशी आलं. शर्वाणीने फोन कानाला तसाच धरून पुस्तक पुन्हा पहिल्यापासून चाळलं.

“पान दोनशेतीन, सर. दोघं भावंडं आणि आजोबा जेवायला बसतात. पेजेचे वाडगे चार आहेत.”

“लेखिका मोजताना चुकली असेल.”

“असेल. त्याचं पान द्या.”

“एक्केचाळीस माणसं वेडी आहेत का?”

“ती वाडगे मोजत नाहीत.”

“उद्धटपणा करतेस?”

“हो, सर.”

तिने माहितीकोशात ‘बुडून मृत’ खोडून ‘जिवंत’ लिहिलं. “आता तुम्ही खोडा. पण कारणाचा रकाना भरावा लागतो. चौथा वाडगा कुणाचा, ते लिहा.”

पडद्यावर कारणाच्या रकान्यात सर लिहू लागले, थांबले, पुन्हा लिहू लागले. पाच वाजले. नोंद बंद झाली.

पाणी उतरलं. तांबडाई घमेल्यातून बाहेर आली, लुगडं झटकलं आणि पेज आहे का विचारलं. ती अजून इथेच आहे. परत का गेली नाही म्हणाल, तर दोनशेतीन पानावर वाडगे चार असले तरी पाट तीनच मांडलेत, आणि हे सुर्वेसरांच्या लक्षात आलं तर—

“अगो शर्वाणी, पेज निवते! येतेस ना?”

आले, तांबडाई, एवढं वाक्य