तोंडानं म्हणा, पुरे

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामाजींनी, आमच्याच लग्नात एका मौनव्रती माणसाला भात वाढून वाढून जेरीस आणलं होतं. ते गृहस्थ नात्यातले, दर गुरुवारी मौन पाळणारे, आणि लग्न नेमकं गुरुवारी. मामाजी भाताचं पातेलं घेऊन पंगतीत फिरत होते. गृहस्थांनी ताटावर हात आडवा धरला. मामाजींनी हाताच्या बाजूने वाढलं. त्यांनी दोन्ही हात जोडले. जोडलेल्या हातांखालून वाढलं. मान हलवली, डोळे मोठे केले, शेवटी ताटावर पालथे पडायचेच बाकी राहिले.

"इशारे कायले करता?" मामाजी म्हणाले. "तोंडानं म्हना, पुरे. मंग सोडतो."

शेवटी त्यांनी व्रत मोडलं. "पुरे!" असे ओरडले की सनईवाला थांबला. पुढे वर्षभर ते आमच्याकडे फिरकले नाहीत, आणि मामाजींना त्याचं कारण काही केल्या कळलं नाही. "भरपूर जेवला होता थो," एवढंच ते म्हणत.

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात, सासूबाईंना आत्याबाई. आमचं घर सिहोऱ्याजवळ. मागे तलाव, तलावाखाली आमच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. त्यांतल्या एका बांधीत मामाजी फक्त घरापुरता चिन्नोर, हा वासाचा तांदूळ, लावतात. तो शिजायला लागला की वास रस्त्यापर्यंत जातो आणि रस्त्यावरचा माणूस घरात येतो. आला की मामाजी त्याला तब्येत, पाऊसपाणी काही विचारत नाहीत. "पोटात भात, मंग बात," म्हणतात आणि पाट सरकवतात.

घरात भात वाढायचा तो त्यांनीच. त्याचा त्यांचा एक कायदा आहे: वाढणाऱ्याने सगळ्यांच्या मागून भात घ्यायचा, आणि तोही शेवटच्या माणसाने तोंडाने 'पुरे' म्हटल्यावर. शेवटचा 'पुरे' आला की मग ते स्वयंपाकघरात जाऊन चुलीकडे तोंड करून एकटे जेवतात. त्यामुळे मामाजींना भूक लागली की आम्हाला घाईघाईने 'पुरे' म्हणावं लागतं.

मी यवतमाळकडची, भाकरीवर वाढलेली. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मामाजी काखेत तांदळाची पुरचुंडी घेऊन आले होते. "इहीनबाई, हा शिजवा," ते माझ्या आईला म्हणाले. "ज्वारी आमच्याकडे ढोरं खातेत."

माझी आई ऐकून घेणारी नव्हे. "असू द्या व्याहीबुवा. तुमचा भात खाल्ला का दोन घंट्यात पोट रिकामं. आमची भाकर संध्याकाळलोक साथ देते."

तेव्हापासून दोघांचं पटलं नाही. फोनवर मामाजी "तुमच्या आईची ज्वारी कशी आहे?" असं विचारत. आईची तब्येत कशी आहे, हे त्यात आलं असं ते धरून चालत.

मी मात्र सासरी आले आणि भाताची झाले. इतकी, की माहेरी गेले तरी तिसऱ्या दिवशी मला भात आठवायचा. मामाजींनी हा आपला विजय मानला होता.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मला दिवस राहिले. सगळं घर हलक्या पावलांनी चालायला लागलं. आणि सहाव्या महिन्यात तुमसरच्या डॉक्टरीणबाईंनी ग्लुकोजचं पाणी पाजून रक्त तपासलं आणि सांगितलं, गरोदरपणातला मधुमेह आहे.

मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. यात तुमची काही चूक नाही. बाळंतपणानंतर बहुतेक वेळा हे जातं. पण तोवर साखर आटोक्यात हवी, नाहीतर बाळ नको तेवढं वाढतं, बाळंतपण अवघड होतं, जन्मल्यावर बाळालाही त्रास होऊ शकतो. भात जेवणात एक छोटी वाटी. बाकी भाकरी, वरण, भाज्या. जेवणानंतर चालणं. घरी बोट टोचून साखर बघायची.

घरी येऊन माझ्या नवऱ्याने, सुधीरने, हे सगळं मामाजींना सांगितलं. मामाजींनी त्यातला 'साखर' हा एकच शब्द धरला. तासाभरात घरातला साखरेचा डबा, गूळ, देवापुढचे बत्तासेसुद्धा शेजारी पोचले. चहा सगळ्यांचाच बिनसाखरेचा झाला. पोस्टमन एकदा चहा प्यायला, नंतर पत्रं कुंपणावरूनच टाकायला लागला.

"पण बाबा, भातपण कमी करायचा आहे," सुधीर म्हणाला.

"काहून? भात गोड लागते का?"

"भाताचीच साखर होते पोटात."

"माया पोटात त नाही झाली कधी!" असं म्हणून त्यांनी सुधीरच्या हातातलं टोचायचं मशीन घेतलं, स्वतःचं बोट टोचलं आणि आकडा आम्हाला दाखवला. ठणठणीत होता. "जन्मभर भात खाल्ला. दाखव कुठं हाये साखर?"

शेवटी आत्याबाई मध्ये पडल्या. "लेकराचा सवाल हाये. गुमान आयका." दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात एक छोटी वाटी भात यायला लागला. वाटीवर शीग राहू नये म्हणून मामाजी तो बोटाने सपाट करत. वाटी संपली की माझी नजर पातेल्याकडे जायची. 'पुरे' हा शब्द तोंडातून निघत नसे, कारण पुरलेलं नसायचं. मामाजीही विचारत नसत. पातेलं उचलून आत जात.

आणि तरी सकाळची साखर उतरेना. बोट टोचलं की आकडा चढलेलाच. भाकरी खात होते, चालत होते, सीताफळाकडे ढुंकून बघत नव्हते, तरी चढलेलाच. मला झोप लागेना. आपण बाळाला पोटातच काहीतरी अपाय करतोय, असं सारखं वाटायचं.

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशीच राहिली तर इन्सुलिन सुरू करू, घाबरायचं कारण नाही. मग त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्याउठल्या काय घेता?"

"काही नाही. फक्त पेज."

"कसली पेज?"

"तांदळाची. आमचे सासरे करून देतात. मोठा पेला."

आमच्याकडे पोटुशी बाईला पेज देतात, ती शक्तीची. भात कमी झाला म्हणून मामाजी ती पहाटे स्वतः उठून करत होते, चिन्नोरची, वर चिमूटभर मीठ. पेज म्हणजे भात हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगते, माझ्याही आलं नाही. ताटात वाढतात तो भात. पेल्यातून पितात ते पाणी. त्यात बुडाला शितं असतात, पण ती कोण मोजतं!

डॉक्टरीणबाईंनी कपाळाला हात लावला. मग हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, तांदळाचं सगळं त्या पाण्यात उतरतं, आणि पातळ असल्यामुळे साखर झटकन चढते. ती बंद करा, मग बघू."

मामाजी बाहेर बाकावर बसले होते. मांडीवर थर्मास. थर्मासमध्ये पेज, कारण दवाखान्यात वेळ लागतो आणि सूनबाई उपाशी राहील. सुधीरने त्यांना डॉक्टर काय म्हणाल्या ते सांगितलं. ते ऐकून मामाजी उठले, आवारातल्या कडुनिंबापाशी गेले आणि थर्मास त्याच्या बुंध्याशी रिकामा केला. घरी पोचेपर्यंत गाडीत त्यांनी खिडकीबाहेरच पाहिलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

संध्याकाळी त्यांनी माझ्या आईला फोन लावला. मी पलीकडच्या खोलीत होते, आणि त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असे.

"इहीनबाई, भाकर कशी थापतेत थे सांगा."

एवढ्या वर्षांचा हिशेब चुकता करायची ही संधी होती, आणि माझी आई अशी संधी सोडत नाही. पण ती म्हणाली, "पीठ ताजं हाये का व्याहीबुवा? पानी कढत घ्या. आन् घाई नका करू."

पहिल्या भाकरीचे तव्यावर जायच्या आत सगळे बांध फुटले. दुसरी परातीलाच चिकटली. "तुमच्या हाताले धानाच्या रोवणीची सवय," आत्याबाई म्हणाल्या, "चिखल समजून राहिले पिठाले." पण त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. हळूहळू भाकऱ्या गोल नाही तरी अखंड व्हायला लागल्या. रोज तव्यावरून उतरलेली पहिली भाकर माझ्या ताटात, सोबत पोपटाच्या, म्हणजे पावट्याच्या, दाण्यांची भाजी. जेवण झालं की तलावाच्या पाळीवरून फेरी. मामाजी काठी घेऊन पुढे, मी मागे. वाटेत कोणी विचारलं, "कुठं चालले?" तर ते म्हणत, "साखर उतरवाले."

आणि उतरली. आकडा खाली आला आणि खालीच राहिला. इन्सुलिन लागलं नाही. त्या दिवसांत मामाजी वाळत चालले होते, पण धानकापणी सुरू होती, तेव्हा आम्ही म्हटलं, उन्हातलं काम आहे. सुधीर तर त्यांना चिडवायचा, "बाबा, पायजम्याची नाडी सांभाळा."

मुलगी झाली. वजन जेवढं हवं तेवढं, साखर ठीक, आवाज आजोबांचा. दीड महिन्याने माझं रक्त पुन्हा तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आजार नाही. वर्षाला तपासत राहा आणि बेताने सगळं जेवा.

त्या दिवशी दुपारी घरात चिन्नोर शिजला. मी सगळ्यांबरोबर पाटावर बसले. मामाजी पातेलं घेऊन आले आणि वाटी न घेता थेट ताटात वाढलं. मी वरण ओतलं आणि जेवले. किती दिवसांनी तो वास माझ्या ताटातून येत होता! त्यांनी पुन्हा वाढलं. बेताने म्हटलं होतं ते आठवून मी ताटावर हात धरला.

"तोंडानं," मामाजी म्हणाले.

मला गंमत सुचली. मी नुसती हसत त्यांच्याकडे बघत राहिले, त्या मौनव्रती पाहुण्यासारखी हात जोडून. तेवढ्यात आत्याबाई आतून ओरडल्या, "म्हन व पोरी लवकर! थर्मास रिकामा केला थ्या दिवसापासून तुये मामाजी भाकरीवर हायेत. शीत नाही खाल्लं भाताचं."

मला आधी कळलंच नाही. सुधीर जेवता जेवता थांबला.

"मी भांडली, समजावलं," आत्याबाई दारात येऊन म्हणाल्या. "त म्हने, सूनबाईनं पुरे कुठं म्हनलं अजून? थे पातेल्याकडं पाह्यते आन् उठते. मी कसा खाऊ?"

मामाजी माझ्याकडे बघत नव्हते. पातेल्याच्या काठाला चिकटलेली शितं पळीने खरवडत होते.

"पुरे, मामाजी," मी म्हटलं.

"खरं?"

"खरंच पुरे. पोट भरलं."

तेव्हा त्यांनी पातेलं खाली ठेवलं. चुलीकडे न जाता तिथेच माझ्या समोर बसले आणि थोडासा भात घेतला. पहिला घास तोंडात घालून किती तरी वेळ चावत राहिले.

मी उठले, पातेलं उचललं आणि त्यांच्या ताटापाशी जाऊन वाढायला लागले. त्यांनी हात आडवा धरला. मी हाताच्या बाजूने वाढलं.

"तोंडानं म्हणा, मामाजी."

त्यांनी मान खाली घातली, आणि बराच वेळ 'पुरे' म्हणाले नाहीत.