हानेउराचे उघडे वर्तुळ

इस्त्रीसाठी म्हणून प्रसादने आईच्या, गिरजाबाईंच्या, हाती दिलेला झेंडा त्यांनी दुरुस्त करून परत दिला, आणि सोमवारी सकाळी अमेरिकेतल्या नोव्हायमधल्या त्या घरात तीन कप चहा तसाच गार झाला.

झेंडा हानेउरा या जपानी बंदराच्या नगरपालिकेचा. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या प्रसादच्या कंपनीने तेथे नुकताच कारखाना उभारला होता. गावाचे उपमहापौर ओगावा त्याच दिवशी दहा वाजता कंपनीच्या इथल्या कचेरीत यायचे होते, आणि दर्शनी दालनात झेंडा लावण्याचे काम प्रसादकडे होते. सारे नीट पार पडले, तर त्या कारखान्याची जबाबदारी त्यालाच मिळणार होती.

झेंड्यावर चित्र एवढेच : पांढऱ्या कापडावर निळे वर्तुळ, खालून दोन बोटे उघडे. चौतीस वर्षे मुलींना भरतकाम शिकवलेल्या गिरजाबाईंना ती फट बघवेना. त्यांनी निळ्या ब्लाउजपीसचा तुकडा कापला आणि काजटाक्याने ती बुजवली.

“आई, तुला फक्त प्रेस करायला सांगितलं होतं.”

“अर्धवट कामाला मी इस्त्री करत नाही.”

“अर्धवट नाही गं, डिझाइनच तसं आहे.”

उपासनाने झेंड्यासोबतचे माहितीपत्रक सासूबाईंना वाचून दाखवले. “वर्तुळ म्हणजे बंदर आणि गावाची एकजूट. मोकळी जागा म्हणजे बंदराचं तोंड. तिथून होड्या समुद्रात जातात.”

“संपलं,” प्रसाद म्हणाला. “सगळ्या होड्या आत कोंडल्या.”

उपासनाने एक टाका उसवून पाहिला. कापडाला भोक पडले. प्रसादने व्हाइटनरची बाटली आणली. ती गिरजाबाईंनी काढून घेतली.

“माझ्या टाक्यांवर रंगरंगोटी चालणार नाही. चूक माझी असेल, तर ती सांगायला मीच येते. कोट कुठे आहे माझा?”

दालनात प्रसादने झेंड्याच्या खालच्या भागापुढे एक भलीमोठी कुंडी सरकवली. ओगावांनी वाकून नमस्कार केला, फोटोसाठी जागा निवडली, आणि कुंडी आड येते म्हणून ती स्वतःच्या हातांनी बाजूला केली. मग ते झेंड्याजवळ गेले. वाकून त्यांनी खालचा भाग न्याहाळला.

“हे कोणी केलं?” त्यांनी सावकाश इंग्रजीत विचारले.

“सर, माय मिस्टेक,” प्रसाद म्हणाला.

“त्याला सुईत दोरा ओवता येत नाही,” गिरजाबाई तितक्याच सावकाश इंग्रजीत पुढे झाल्या. “मी केलं.”

ओगावांनी टाक्यांवरून बोट फिरवले. “बाई, बंदराचं तोंड आम्ही तीन वर्षांपूर्वी भराव टाकून बुजवलं. यांचा कारखाना त्यावरच उभा आहे. म्हातारे कोळी दर सभेत विचारतात, झेंडा अजून खोटं का सांगतो? समिती नेमली. सात बैठका झाल्या. ठरत काहीच नाही.”

त्यांनी झेंडा उतरवून दोन्ही हातांनी त्याची घडी केली आणि समितीला दाखवण्यासाठी तो मागून घेतला.

प्रसादला कारखान्याचे काम मिळाले. जानेवारीत हानेउराहून एक खोके आले. आत शाळांचे, ग्रंथालयाचे, अग्निशमन दलाचे मिळून बावीस उघडे झेंडे, बेतून कापलेले बावीस निळे तुकडे आणि समितीचे विनंतीपत्र.

गिरजाबाईंनी चष्मा लावून खोके तळापर्यंत तपासले.

“कापड पाठवलंय, दोरा नाही,” त्या म्हणाल्या. “या लोकांना एक गोष्ट पुरी करता येईल तर शपथ.”

प्रसादने गाडीची किल्ली उचलली.